अंबाबाईचा उभा दावा

कुंभकोणमच्या दबीर रस्त्यावर, तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासूनच्या मराठी वस्तीत, लोक अंबाबाईला भिऊन असत, आणि तिला ते आवडायचं. मुलींच्या शाळेत तिने सारा जन्म कवायत शिकवली. उन्हात उभी केलेली पोरगी चक्कर येऊन पडली, तर बाई म्हणायची, "पडलीस? बरे. आता ऊठ." निवृत्त झाली तेव्हा शाळेने शाल दिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मग तो आवाज कायमचा घरी आला. विड्याच्या पानांची टोपली घेऊन फिरणारी बाई तिच्या दारावरून जाताना हाक मारायची नाही. हाक मारली की पानं उलटीपालटी करून बघितली जायची आणि घेतली जायची नाहीत.

घर सिमेंटचं, दुमजली. खाली अंबाबाई, वर तिचा थोरला भाऊ सेतुराम, कुंभकोणमच्या कोर्टातला वकील. एका छताखाली राहून ही दोघं एकमेकांशी बोलत नसत, आणि हे साऱ्या पेठेला माहीत होतं.

दाव्याचं मूळ जुनं होतं. वडील गेले तेव्हा सेतुराम नुकता वकिली करू लागला होता आणि अंबा कॉलेजात होती. अडथळ्यांच्या शर्यतीत ती जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात दुसरी. पंजाबातल्या एका मोठ्या प्रशिक्षण शिबिरासाठी तिची निवड झाली. सेतुरामने तिला न विचारता परस्पर कळवून टाकलं, मुलीची तब्येत बरी नसते, ती येणार नाही. अंबाला हे कळलं तोवर तिच्या जागी मदुरैची एक मुलगी गाडीत बसून गेलीसुद्धा होती. अंबा भावापुढे जाऊन उभी राहिली. तो हातातल्या कागदावरून मान वर न करता म्हणाला, "तुज सांभाळायचे काम माझे. सांभाळले."

तिने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. लग्न केलं नाही, तेही बहुधा त्यालाच डाचावं म्हणून. निरोप जात ते वहिनीमार्फत. "लक्ष्मीप्रिया, वर वकिलांस सांग, मोटार चालू राहिली आहे, टाकी वाहते आहे." वकील दोन हातांवर उभे असत, तरीही. पुढे लक्ष्मीप्रिया वारली. मग निरोप फ्रिजला सांगितले जाऊ लागले. "कोणी तरी सांगावे, वीजबिल भरायचे आहे." आणि जिन्यावरून सेतुराम हवेला सांगायचा, "कोणी तरी सांगावे, भरले."

सेतुरामच्या उजव्या हाताने पहिल्यांदा दगा दिला तो शर्टाच्या बटणांपाशी. मग सही वाकडी येऊ लागली. मग जीभ जड झाली. कोर्टात उलटतपासणी करताना शब्द घसरू लागले आणि पक्षकार एकमेकांकडे बघू लागले. तेलाच्या दुकानात अंबाबाईच्या कानावर आलं, वकील हल्ली दुपारपासूनच घेतात म्हणे. तिने दुकानदाराला 'खोटं आहे' असं सांगितलं नाही. घरी येऊन रव्याची केसरी, म्हणजे शिरा, केली, चांगलं तूप ओतून, आणि एकटीने बसून खाल्ली.

नंतर तो जिन्यावरून पडला. तंजावरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासण्या केल्या आणि रोगाचं नाव सांगितलं: मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जाणार. हात, पाय, जीभ, गिळणं आणि शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहणार. एक गोळी आहे, तिने थोडे महिने वाढतात. बाकी काही नाही.

सेतुरामचा मुलगा विघ्नेश चेन्नईला नोकरीत होता. त्याचा फोन आला. "आत्या, कोइंबतूरजवळ एक चांगली जागा आहे. चोवीस तास नर्स असते. अप्पांस तिथे ठेवू म्हणतो."

"नको. खालच्या खोलीत राहील, माझ्याकडे."

"तुम्ही दोघं तर बोलतसुद्धा नाही!"

"बोलायचे कोण म्हणते? मज बघायचे आहे."

विघ्नेशने त्याचा अर्थ 'काळजी घ्यायची आहे' असा घेतला. तिने तो दुरुस्त केला नाही. ज्याने तिचे पाय बांधले त्याचे पाय जाताना तिला बघायचे होते, आणि हे बघण्याचा हक्क कोइंबतूरच्या कुठल्याशा नर्सला देण्याइतकी ती उदार नव्हती.

खाली आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो खाटेवरून घसरला. त्याला उचलताना इतक्या वर्षांत तिने त्याला उद्देशून पहिला शब्द उच्चारला. "मेल्या, मान धर!"

"धर...त नाही," तो जड जिभेने म्हणाला. बोलणं सुरू झालं ते असं, आणि पुढेही त्याच चालीवर चाललं.

सकाळच्या कामाला तिरुनागेश्वरमहून पवित्रा नावाची बाई यायची. सशक्त, कमी बोलणारी. तिच्या आधी मराठी समजणाऱ्या दोन नर्सबाया येऊन गेल्या होत्या. अंबाबाईने एकीला 'तू रोग्याला पुसतेस की भांडी?' असं विचारलं आणि दुसरी ते ऐकूनच गेली. पवित्रा टिकली, कारण तिला मराठी कळत नव्हती आणि शिव्या मराठीत असत.

सेतुरामला मऊ घोटलेलं अन्न लागे. अंबाबाई ते वेळच्या वेळी करायची, चमचा तोंडापुढे धरून म्हणायची, "गीळ." तो म्हणायचा, रसम गटाराच्या पाण्यासारखं झालंय. ती म्हणायची, गटाराला तेवढंच शोभतं. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, सांधे हळूहळू फिरवा, दमवू नका. ती कवायतीच्या आकड्यांवर फिरवायची, आणि तो विव्हळला की आकडे सावकाश म्हणायची. पण पडून पडून पाठीला होते तशी जखम एकही झाली नाही. तंजावरचे डॉक्टर म्हणाले, घरी इतकी स्वच्छ ठेवलेली पाठ मी क्वचित बघतो. कौतुक ऐकून दोघांनीही तोंड वाकडं केलं.

याच डॉक्टरांनी विचारलं, बंगळूरला या रोगावर संशोधन चालतं, तिथे कातडीचा एक छोटा तुकडा द्याल का? सेतुराम हो म्हणाला. वकिलाला उलटतपासणीसाठी नवीन माणूस हवाच होता.

बंगळूरहून आली ती कीर्ति, मूळची सोलापूरची, पीएच.डी. करणारी मुलगी. एका हातात थंड डबा, पाठीवर पिशवी. दारातच अंबाबाईचं बोलणं ऐकून ती हरखली. "अय्या, आजी, तुम्ही मराठी बोलता! आणि किती जुनी! बखर वाचल्यासारखी वाटते."

"मी कोणाची आजी नव्हे," अंबाबाई म्हणाली. "आणि आमची जुनी नव्हे. तुम्ही मोडून नवी केलीत. चपला बाहेर."

कीर्तिने चपला बाहेर काढल्या, कॉफी घेतली आणि सेतुरामच्या खाटेशी बसली. कातडी कशाला हवी, असं त्याने विचारलं. एकेका शब्दाला त्याला धाप लागत होती, पण प्रश्न वकिलाचा होता.

"काका, तुमच्या कातडीच्या पेशींपासून आम्ही प्रयोगशाळेत ग्लिया तयार करणार," कीर्ति म्हणाली. "स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरतात, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच आहे. पण त्या एकट्या राहत नाहीत. त्यांच्याभोवती ग्लिया नावाच्या पेशींची वस्ती असते. काही ताऱ्यासारख्या दिसतात, त्या चेतापेशीला खाऊ घालतात, तिच्याभोवती साचणारं जहाल रसायन उचलून नेतात. काही पहारा करतात, मेलेलं-सडलेलं खाऊन जागा साफ ठेवतात. पूर्वी लोकांना वाटायचं, ही नुसती भरताड आहे, मधल्या फटी चिकटवून ठेवणारी. ग्लिया या शब्दाचा अर्थच मुळी डिंक."

"मग?"

"या रोगात त्याच उलटतात. ताऱ्यासारख्या पेशी रसायन उचलायचं सोडतात, वर स्वतःच काहीतरी विषारी सोडायला लागतात. पहारेकरी चवताळतात. आधी बचाव करतात, मग ज्याचा बचाव करायचा त्यालाच भाजून काढतात."

सेतुरामने मान वळवण्याचा प्रयत्न केला. "सुरू... कोण... करते?"

 एवढा नेमका प्रश्न कीर्तिला कुठल्या रोग्याने विचारला नव्हता. "ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण उंदरांवर प्रयोग झालेत. रोगाचं जनुक चेतापेशींतून काढलं, तर रोग उशिरा सुरू झाला. पहारेकरी पेशींतून काढलं, तर सुरू व्हायचा तेव्हाच झाला, पण मग रेंगाळला. उंदीर जास्त जगले. म्हणजे सुरुवात एकाकडून होते आणि वेग दुसराच देतो."

सेतुरामच्या चेहऱ्याची एकच बाजू आता नीट हसायची. ती हसली. त्याने डोळे बहिणीकडे वळवले. "घर...चेच."

"दुसरीकडे बघून बोल," अंबाबाई म्हणाली. "मी तुझ्या पाठीच्या कण्यात राहत नाही."

कीर्तिला काय चाललंय ते कळेना. तिने त्याच्या दंडावरची जागा बधिर केली, मसुराएवढा तुकडा काढला आणि डब्यात ठेवला. सेतुरामने अट घातली: निकाल मला कळवायचा. असं सहसा करत नाहीत, ती म्हणाली. मग बंगळूरला फोन करून तिच्या सरांची परवानगी घेतली. निघताना अंबाबाईने तिला इडल्या बांधून दिल्या, आणि सोलापूरच्या लोकांना चटणीत शेंगदाण्यापलीकडे काही ठाऊक नसतं असं ऐकवलं.

सेतुरामला आता एक शस्त्र मिळालं होतं. तो अंबाबाईला 'ग्लिया' म्हणू लागला. पाणी गरम असलं तर "ग्लिया". उशी वाकडी असली तर "ग्लिया". जिभेत मोजके शब्द उरले होते, त्यांतला एक त्याने यासाठी राखून ठेवला. पवित्राला ते लाडाचं नाव वाटलं. तिने गल्लीत सांगितलं, आणि एके सकाळी फुलवालीने दारातून हाक मारली, "ग्लियाम्मा, मोगरा हवा का?" अंबाबाईने तिच्यावर तांब्याभर पाणी फेकलं.

पण शब्द काट्यासारखा रुतला होता. दुपारी भांडी विसळताना ती मनाशी भांडायची. मी चवताळले तर कोणी चवताळवलं? सुरुवात कोणाची? आणि मग तिलाच कीर्तिचं वाक्य आठवायचं, सुरुवात एकाची, वेग दुसऱ्याचा. आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

वर्ष उलटलं. सेतुरामची जीभ पुरती गेली. पोटातून नळी घातली, अन्न तिथून जाऊ लागलं. घशात कफ साचे, तो यंत्राने ओढून काढावा लागे. अंबाबाई ते एका बघण्यात शिकली. हात गेले, पाय गेले, फक्त डाव्या पायाचा अंगठा हलायचा. त्या अंगठ्याखाली घंटेचं बटण बसवलं. आणि बोलण्यासाठी एक पारदर्शक पाटी आली, तिच्यावर तमिळ अक्षरं. पाटी मध्ये धरायची, तो ज्या अक्षराकडे बघेल ते पलीकडून ओळखायचं.

ओळखणं मोठं कठीण. तो लिहायचा मराठी, आणि तमिळमध्ये क, ख, ग, घ या चारींना मिळून एकच अक्षर. त, थ, द, ध यांचीही तीच गत. माणूस ओळखीचा असल्याशिवाय शब्द लागायचा नाही. पवित्राला ते शक्य नव्हतं. विघ्नेश महिन्यातून एकदा यायचा, त्याला डोळ्यांची दिशाच कळायची नाही. अंबाबाईला मात्र पहिल्या दोन अक्षरांत शिवी कोणती ते समजायचं.

एका सकाळी पवित्रा औषधं आणायला गेली होती. अंबाबाईने पाटी उचलली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"आज एक विचारते," ती म्हणाली. "पंजाबास जाऊ दिले नाहीस. चुकले म्हण. एवढे एकच म्हण."

 त्याचे डोळे अक्षरांवर गेले आणि शब्द लागला: नाही. तिने पाटी तशीच धरली. तिला वाटलं, पुढे काही येईल. आलं. एकेक अक्षर, सावकाश, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत ताण देऊन. सां. भा. ळ. ले.

तिने पाटी फरशीवर ठेवली आणि मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी गेली. चादर भिजवलेली होती. ती आपटायला लागली. थोड्या वेळाने घंटा वाजली. तिने ऐकली. चादर पिळली, झटकली, पुन्हा पाण्यात बुडवली. घंटा पुन्हा वाजली, लांब, मग तुटक तुटक. वाजू दे, ती मोठ्याने म्हणाली. कोणी तरी त्यास सांगावे, बाई घरी नाही. मग घंटा थांबली, आणि अंगणात जी शांतता झाली ती तिला फार सुखाची वाटली. जन्मभरात इतकं निवांत तिला कधी वाटलं नव्हतं.

पवित्राची किंकाळी ऐकून ती पळत आत आली. सेतुराम काळानिळा पडला होता. कफ अडकला होता. अंबाबाईने नळी घशात घातली, यंत्र लावलं, ओढलं, पुन्हा ओढलं.  हळूहळू ओठांना रंग आला. त्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदा तिच्या ओल्या हातांकडे बघितलं, कोपरापर्यंत साबणाचा फेस होता. दोघांनाही सगळं कळलं.

तो मरता मरता वाचला याची तिला धडकी भरली नाही. त्या शांततेची गोडी आठवून मात्र ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसली, ती बराच वेळ उठली नाही.

पवित्राने विघ्नेशला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो भाड्याची रुग्णवाहिका घेऊनच दारात उभा राहिला.

"आत्या, पवित्रा म्हणते घंटा बाहेरच्या फाटकापर्यंत ऐकू येत होती. तुम्ही अंगणात होतात."

"होते."

"ऐकली नाहीत?"

अंबाबाई काही बोलायच्या आत खाटेवरची घंटा वाजली. सेतुरामला पाटी हवी होती. विघ्नेशने ती धरली, डोळे मिचकावत बघितलं, दोन-तीन अक्षरं चुकली, घामाघूम झाला. "मज जमत नाही. अप्पा, तमिळमध्ये सांगा ना, सोपं सांगा."

सेतुरामने डोळे अंबाबाईकडे वळवले. वाचायचं तिनेच होतं. फिर्यादीची साक्ष आरोपीच्या तोंडून वदवून घ्यायची, ही वकिलाची खोड होती. तिने पाटी धरली.

"घंटा ऐकली," तिने वाचलं.

विघ्नेश हलला. "काय?"

"लिहितो आहे ते वाचते. घंटा ऐकली. आली नाही." तिचा आवाज कवायतीचा होता, चढ ना उतार. "मुद्दाम."

"हे खरं आहे, आत्या?"

"खरे आहे. पुढचे वाचू दे." डोळे पुन्हा फिरले. या वेळी तिला वेळ लागला, कारण तिने स्वतःवर विश्वास ठेवला नाही आणि दोनदा पहिल्यापासून बघितलं. "हिला सोडणार नाही."

विघ्नेश बापाकडे वळला. "म्हणजे? पोलिसांत द्यायचं म्हणता? की हिला सोडून जाणार नाही म्हणता?"

सेतुरामने डोळे मिटून घेतले. साक्ष संपली, एवढाच त्याचा अर्थ होता.

"आत्या, नक्की काय म्हणाले?"

"म्हटले ते वाचले. अर्थ सांगायला मी त्याची वकील नव्हे."

विघ्नेश रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरशी बोलून आला, खाटेपाशी बसला, पुन्हा उठला. बापाला चलायचं का विचारलं तर डोळे उघडत नव्हते. उचलायला माणसं पुढे झाली तेव्हा अंगठ्याने घंटा दाबून धरली ती सोडेचना. शेवटी विघ्नेशने ड्रायव्हरला परत पाठवलं. जाताना तो आत्याच्या पाया पडला नाही. पवित्राला मात्र दिवसरात्र राहण्यासाठी ठरवून गेला.

त्या संध्याकाळी अंबाबाईने भावाचं तोंड पुसताना विचारलं, "का नाही गेलास?"

पाटीवर उत्तर आलं: तिथे सगळे गोड बोलतात.

"थू," ती म्हणाली, आणि उशी सरळ केली.

निकाल पावसाळ्याअखेर आला. कीर्तिने फोन स्पीकरवर ठेवायला सांगितलं. तिचा आवाज अवघडलेला होता. "काका, तुमच्या कातडीपासून आम्ही ताऱ्यासारख्या पेशी बनवल्या. बशीत वाढवल्या. दुसऱ्या बशीत निरोगी माणसाच्या तशाच पेशी ठेवल्या. मग दोन्हींवर उंदराच्या अगदी निरोगी चेतापेशी सोडल्या. निरोगी माणसाच्या पेशींबरोबर त्या छान जगल्या." 

"आणि याच्या?" अंबाबाईने विचारलं.

"मेल्या. बहुतेक सगळ्या."

 सेतुरामने पाटी मागितली. अंबाबाईने वाचलं, "विचारतो, लौकर की सावकाश?"

"लौकर, काका. आमच्याकडच्या नमुन्यांत बऱ्याच जणांपेक्षा लौकर."

सेतुरामचे डोळे हसले. खटला जिंकल्यावर तो वर गॅलरीत उभा राहून असाच हसायचा. अंबाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "हसतोस काय? दुसऱ्याच्या निरोगी पेशी मारल्यास तू! मज ग्लिया म्हणत होतास ना? बघ आता. मारणाऱ्या घरच्या कोणी नव्हेत, तुझ्याच कातडीच्या आहेत. माझा हात नाही त्यात. सांग त्याला, कीर्ति, माझा हात नाही."

"तुमचा हात नाही, मावशी," फोनमधून कीर्ति म्हणाली. "कोणाचाच नसतो."

 फोन बंद करून अंबाबाईने यंत्राची नळी धुवायला घेतली.

सेतुराम थंडीत, तमिळ मार्गळी महिन्यात गेला. पहाटे दारापुढे रांगोळ्या पडत होत्या, रस्त्यावर पांढऱ्या पिठाचा वास होता. पवित्रा त्याचे कपडे बदलत होती आणि अंबाबाई त्याची मान धरून उभी होती. श्वास थांबला तो तिच्या हातात. तिने पाटी धरून बघितली, थोडा वेळ. डोळे कुठेच गेले नाहीत. पंजाबाबद्दल 'चुकले' असं तो शेवटपर्यंत म्हणाला नव्हता.

कावेरीच्या घाटावर विघ्नेशने सगळं केलं. भेटायला आलेल्या बायका 'तुम्ही फार केलंत हो' म्हणू लागल्या तशी अंबाबाईने त्यांना कॉफीही न देता वाटेला लावलं. तिला वाटलं होतं, आता घर शांत होईल आणि ते सुख पुन्हा भेटेल. घर शांत झालं. सुख आलं नाही. जेवताना ती एकटीच कोणाला तरी शिव्या घालायची आणि उत्तर येत नाही म्हणून ताट सरकवायची.

उन्हाळा लागताना तिने कीर्तिला फोन केला. "त्याच्या त्या पेशी टाकून दिल्या असतील."

"छे! गोठवून ठेवल्यात. लागतील तशा पुन्हा वाढवतो. वर्षानुवर्षं टिकतील."

"म्हणजे मेला तरी वळवळतो आहेच." मग म्हणाली, "बघायला मिळतील?"

ती एकटी बंगळूरला गेली. प्रयोगशाळेत तिला पांढरा अंगरखा घातला, चपलांवर निळी पिशवी चढवली. "चपला बाहेर काढू?" तिने विचारलं, पण कीर्तिला विनोद आठवला नाही किंवा हसायची हिंमत झाली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवली. अंबाबाईने एक डोळा मिटला, दुसरा लावला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे तारे, लांब लांब हात पसरलेले, एकमेकांना बिलगून. मधे लाल ठिपके होते, तुटके, विखुरलेले.

"हिरवे काकांचे," कीर्ति म्हणाली. "लाल ते चेतापेशींचे राहिलेले तुकडे."

अंबाबाई वाकून बघत राहिली. पाठ दुखायला लागली तरी हलली नाही. "दिसायला तर बरे आहेत," ती अखेर म्हणाली. "हे थांबवता येते?"

"अजून नाही. पण आता त्यांच्याच पेशींवर औषधं टाकून बघतोय. एकेक करून. कशाने तरी या मारायच्या थांबतात का ते."

"खूप औषधे आहेत?"

"शेकडो."

"सगळी टाका त्याच्यावर," अंबाबाई म्हणाली, डोळा न काढता. "कडू असतील ती आधी."

मग ती उठली, अंगरखा नीट घडी करून टेबलावर ठेवला, आणि कीर्तिने कॅन्टीनमध्ये कॉफी घेऊ या म्हटलं तेव्हा म्हणाली, इथल्या कॉफीस मी कॉफी म्हणत नाही. तरी गेली. दोन कप प्याली, नावं ठेवत.